बांधाचा घाम

"सायेब, हितं टेका जरा. म्होरं वाट उभी हाये," धावजीबाबा म्हणाले आणि स्वतः मात्र उभेच राहिले.

सत्तरीचे बाबा उभे आणि सत्तावीस वर्षांचा मी दगडावर बसून धापा टाकतोय, असा तो देखावा होता. मे महिना संपत आला होता. एसटीचा रस्ता खाली नदीपाशी संपला, त्याला दोन तास होऊन गेले होते. मी येणार असल्याचा निरोप आधीच गेला होता, म्हणून बाबा मला घ्यायला खालपर्यंत उतरले होते.

त्या दगडावरून समोरचा उंबरमाचीचा डोंगर अख्खा दिसतो. कड्याच्या पायथ्यापासून थेट ओढ्यापर्यंत भाताची खाचरं, एकाखाली एक, नव्वदच्या वर. काही इतकी अरुंद की बैल वळवायचीही पंचाईत. प्रत्येकाला पुढून दगडाचा बांध, कुठे कमरेइतका, कुठे दोन पुरुष उंच. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड बसवलेला.

"किती जुनी असतील हो, बाबा?" मी विचारलं. हाच प्रश्न मी आदल्या वर्षीही विचारला होता.

"माझ्या आज्याला त्याच्या आज्यानं सांगितलं हुतं, का ही आदीपासनंच हायेत म्हनून," बाबांनी तेच उत्तर दिलं.

परदेशातून बारा पाहुणे ही खाचरं बघायला येणार होते. वाट कशी आहे, वर उतरायची सोय होईल का, हे जाऊन बघून ये, असा मला हुकूम होता. जमिनीची धूप थांबवणाऱ्या खात्यात मी तेव्हा नवा पर्यवेक्षक होतो. अकरा महिने मी काही ना काही कारण काढून उंबरमाचीला जायचं टाळलं होतं. या खेपेला कारण सापडलं नाही.

डोंगराच्या मधोमध वरून खाली एक तांबडा पट्टा उतरलेला दिसत होता. गेल्या आषाढात तिथली सात खाचरं वाहून गेली होती. खालच्या सहांना नवे बांध घातलेले होते, त्यांचे दगड अजून उजळ होते. सगळ्यांत वरचं मात्र तसंच उघडं पडलेलं होतं.

"त्ये उद्या," माझी नजर कुठे आहे ते ओळखून बाबा म्हणाले. "उद्या वरच्या बांधाची पडकई हाये. तुमचं पावनं येतील तवर समदं नीट झालेलं आसंल. काळजी नगं."

पडकई म्हणजे तिकडची कामाची रीत. उन्हाळ्यात सगळी वाडी मिळून एकेकाच्या खाचराचा बांध घालते. आज तुझा, उद्या माझा. मजुरी नाही, ज्याचं खाचर त्याने सगळ्यांना जेवायला घालायचं. ते नव्वद बांध असेच उभे राहिले, पिढ्यान्‌पिढ्या असेच सावरले गेले.

"वरचं खाचर लुमाजींचं ना?" ठाऊक असून मी विचारलं.

"व्हतं," बाबा म्हणाले. "उटा आता. ऊन चढलं."

*

आदल्या वर्षी मे महिन्यातच मी लुमाजी बांबळ्यांच्या घरी आठ दिवस राहिलो होतो, बांध मोजायला. लुमाजी चाळिशीचे, उंच, बोलताना जमिनीकडे बघायची सवय असलेले. त्यांची बायको चिमाबाई बोलायला त्यांच्याहून धीट. मूल नव्हतं त्यांना. होतं ते एवढं एक खाचर.

मी शिकून आलो होतो. बांधाच्या दगडांवर शेवाळाचे वाळके डाग होते, त्यावरून पावसाळ्यात कुठून कुठून पाणी पाझरतं ते मी वहीत उतरवलं आणि एवढं पाणी फुकट जातं म्हणून हळहळलो. सहा पोती सिमेंट माणसांच्या डोक्यावरून वर आणवलं. एका बांधाचे सगळे सांधे भरून बघायचे, पाणी टिकलं तर पुढच्या वर्षी सगळ्या डोंगराला तेच करायचं, असा माझा प्रयोग होता. वरून सुरुवात करायची म्हणून लुमाजींचा बांध धरला.

"सायेब, बांधाला घाम यावा लागतो," लुमाजी खाली बघत म्हणाले होते. "न्हाई आला तर त्येचं पोट फुगतं."

"माणसाला ताप आला की घाम येतो, लुमाजी. तुमच्या बांधाला तापच आलाय. आपण औषध करू," असं मी म्हणालो. त्या वाक्यावर मी तेव्हा खूष झालो होतो, हे आज सांगायला लाज वाटते.

लुमाजी हसले नाहीत. पण घरी उतरलेल्या पाहुण्याला नाही म्हणणं त्यांना जमणारं नव्हतं. बांध सिमेंटने भरून झाला, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "आन् पोट आलंच तर?"

"पहिल्या मोठ्या पावसाला मी स्वतः बघायला येतो. मी येऊन बघेपर्यंत तुम्ही फक्त हात लावू नका, नाहीतर सगळा प्रयोग वाया जाईल. शब्द द्या मला."

त्यांनी चुलीपाशी बसलेल्या चिमाबाईंकडे बघितलं. तिने चुलीत लाकूड पुढे सारलं.

"दिला," लुमाजी म्हणाले. "तुमी येऊन बगस्तवर हात लावनार न्हाई."

आषाढात मी गेलो नाही. पाऊस फार होता, वाट निसरडी झाली होती, हे खरं आहे. त्या आठवड्यात मी साताऱ्याला मुलगी बघायला गेलो होतो, हेही खरं आहे. परत आलो तेव्हा टेबलावर बातमी येऊन पडली होती. वरचा बांध फुटला, खालची सहा खाचरं घेऊन गेला, लुमाजी त्याखाली सापडले.

अहवाल मी तालुक्याच्या गावीच खुर्चीत बसून लिहिला. खोटं लिही असं मला कुणी सांगितलं नव्हतं. छापील कागदावर 'कारण' म्हणून रकाना होता. प्रत्येक खाचराच्या बांधाला जास्तीचं पाणी खाली सोडायचं एक तोंड असतं, मोठ्या पावसात ते मोकळं करावं लागतं. मी लिहिलं, 'संबंधित शेतकऱ्याने पाण्याचे तोंड वेळेत न उघडल्यामुळे.' सिमेंटचं नाव कुठेच आलं नाही. खाली सही केली आणि चहा मागवला.

*

बाबांच्या घरी दुपारी नाचणीची भाकरी आणि खुरासणीची चटणी खाल्ली. बाबा ओसरीवर पान जमवत बसले. बांध घालण्यात त्यांचा शब्द वाडीत शेवटचा असे. कुठला दगड कुठे बसेल हे ते लांबून बघून सांगत.

"उद्या पायाचा दगड चिमाबाई ठेवतील ना?" मी विचारलं. ज्या घराचं खाचर, त्या घराने पायाचा पहिला दगड ठेवायचा आणि मग वाडीने हात लावायचा, ही रीत मला माहीत होती.

"न्हाई," बाबा म्हणाले.

"का?"

"ज्या घरानं बांध घालवला, त्या घराचा दगड पायात न्हाई. गोमाजी ठेवनार हाये. खालचं खाचर त्याचं."

गोमाजी हे लुमाजींचे चुलतभाऊ. मला पुढचंही कळत होतं. ज्या घराचा दगड पायात नाही, त्या घराच्या आवणीलाही मग कुणी जात नाही. आवणी म्हणजे भाताची रोपं लावायची ती चार दिवसांची घाई, ती एकट्या बाईच्याने होत नाही. खाचर नावावर राहिलं तरी पडीक राहणार होतं.

"बांध लुमाजींनी घालवला असं तुम्हाला वाटतं का, बाबा?"

बाबांनी पान तोंडात टाकलं नाही. हातातच धरून राहिले.

"लुमाजी पावसात झोपनारा मानूस नव्हता. म्या त्याला लहानाचा मोटा झालेला बगितलाय. पर कागुद आला ना तुमच्या खात्याचा. मास्तरांनी शाळंत वाचून दावला, तोंड उगडलं न्हाई म्हनून. आन् खाली तुमची सही. तुमी काय खोटं लिवाल व्हय?"

मी ओसरीवर पडलेला पानाचा देठ उचलून मोडत बसलो.

"मेलेल्याला उटून बोलता येत न्हाई, सायेब. म्हनून आमी बी जास्ती बोललो न्हाई. फकस्त दगड न्हाई, येवडंच ठरवलं."

*

ऊन कलल्यावर मी चिमाबाईंकडे गेलो. अंगणात हिरडा वाळत घातला होता, ती तो गोळा करत होती. मला बघून तिने हात झटकले, आत जाऊन तांब्याभर पाणी आणून ठेवलं आणि बसायला पोतं टाकलं. पाहुण्याचं सगळं केलं, फक्त तोंडाने बसा म्हणाली नाही.

"वहिनी, तो कागद मी लिहिला होता," मी म्हणालो.

"ठावं हाये. सही बी वाचली मास्तरांनी."

"लुमाजींनी तोंड उघडलं होतं का?"

हा प्रश्न अकरा महिन्यांत मी कुणालाच विचारला नव्हता. कागदावर लिहिण्याआधी तर नाहीच नाही.

ती आत गेली. येताना तिच्या एका हातात पहार होती आणि दुसऱ्या हातात गोणपाटाची गुंडाळी. तिने ती माझ्यासमोर सोडली. आत सिमेंटचं ढेकूळ होतं, दोन तळहातांएवढं. एका अंगाला दगडांच्या कडांचे ठसे आणि मधोमध आरपार भोक. तिने पहारीचं टोक त्या भोकात घातलं. ते बरोबर बसलं.

"तीन दिस पाऊस हुता," ती म्हणाली. "तोंड पयल्याच दिशी उगडलं. दुप्पट रुंद बी केलं. वरचं पानी जात हुतं, पर आतलं कुटनं जाईल? दुसऱ्या दिशी बांधाला पोट आलं. मी म्हनलं, पहार घाला, आतलं पानी मोकळं करा. तर म्हनले, सायबांना शब्द दिलाय, ते येत्यात. दिसातून चार येळा वाडीम्होरच्या उंच टेपावर जाऊन वाटंकडं बगून येत हुते. पावसात कायबी दिसत न्हवतं, तरी जायचे."

मी मान खाली घातली होती. तिने थांबून मला वर बघायला लावलं आणि मगच पुढे बोलली.

"तिसऱ्या दिशी सकाळी उटले, म्हनले, आता सायेब येवो न येवो. खाली गोमाजीची मानसं आवनीला उतरतील, त्येच्या आदी बांध मोकळा केला पायजे. पहार घेऊन गेले. येकच भोक पडलं. दुसरं पाडायला बांध ऱ्हायला न्हाई."

"हे तुम्ही गावात का नाही दाखवलं?"

"काय दावू?" ती पहिल्यांदाच आवाज चढवून बोलली. "पहार दावली आसती, तर म्हनले आसते, त्यानंच पहारीनं बांध फोडला. मी त्यांची बाई. कागुद सायबाचा. कुनाचं खरं धरतील?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. त्या डोंगरावर हे सांगून खरं वाटेल असा एकच माणूस होता, आणि तो तिच्या पोत्यावर बसला होता.

"मी वरच्या साहेबांना पत्र लिहितो," मी म्हणालो. "अहवाल दुरुस्त करून..."

"कागुद नगं. कागुद झाला येक. तोंडानं सांगा. उद्या तितं, समद्यांम्होरं."

हो म्हणायला माझी जीभ रेटेना. मला भीती वाटली, अगदी साधी भीती. नोकरीची वाटली, लोक धरून मारतील याचीही वाटली. साताऱ्याच्या मंडळींना कळलं तर काय, हेसुद्धा त्या क्षणी मनात येऊन गेलं. चिमाबाई माझ्याकडे बघत होती, पण तिने पुन्हा विचारलं नाही. पहार भिंतीला टेकवली आणि हिरडा भरायला बसली.

*

सकाळी डफ वाजायला लागला. पडकईला डफ लागतो, त्याच्या तालावर दगड हातोहात पुढे सरकतो. चाळीसएक माणसं जमली होती. बाप्ये पहारी घेऊन, बाया पाट्या घेऊन. जुना पाया उकरून साफ केला होता. बाबांनी बोटाने दाखवलेला दगड गोमाजी आणि आणखी दोघांनी पायाच्या तोंडाशी आणून ठेवला. गोमाजी वाकले.

"थांबा," मी म्हणालो.

आवाज कचेरीतल्यासारखा निघाला. सगळे थांबले, कारण त्यांना वाटलं सायबाला माप घ्यायचं असेल.

मी सांगितलं. कसं बोललो ते धड आठवत नाही. काय बोललो ते आठवतं. हा बांध लुमाजींनी घालवला नाही, मी घालवला. सांधे मी बुजवले. लुमाजी नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. तोंड उघडलेलं होतं. मी इथे न येता, कुणाला न विचारता कागद लिहिला, तो खोटा आहे. मी येतो म्हणालो होतो, माझी वाट बघत ते थांबले आणि मी आलो नाही.

डफ कधी थांबला ते कळलं नाही. गोमाजी वाकलेले सरळ झाले.

"म्हंजी आमी वरीसभर..." ते म्हणाले. दगडाकडे बघत राहिले.

मला वाटलं, आता शिव्या येतील. आल्या असत्या तर बरं झालं असतं. धावजीबाबा काठी टेकत माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"का आला न्हाई?" त्यांनी विचारलं. "येतो म्हनला हुता, तर का आला न्हाई?"

पाऊस, निसरडी वाट, सगळं ओठांवर आलं होतं.

"मुलगी बघायला गेलो होतो," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. मागे एका बाईने पाटी खाली ठेवली, तिचा तेवढा आवाज झाला.

बाबांनी काठी उचलली. मग वळून म्हणाले, "गोमाजी, दगडाला हात लावू नगंस. जा, वैनीला घिऊन ये. तूच जा."

गोमाजी गेले. त्यांना यायला उशीर लागला. तोवर चाळीस माणसं उन्हात उभी होती आणि कुणी बसलं नाही.

चिमाबाई आली ती खांद्यावर तीच पहार घेऊन. गोमाजी तिच्या मागून येत होते, डोळे पुसत. वर्षभरात ती त्या खाचरात उतरली नव्हती. पायाशी येऊन तिने पदर खोचला, पहारीचं टोक दगडाखाली घातलं आणि सगळं अंग टाकून रेटलं. दगड अर्धवट सरकून थांबला. दोघेतिघे पुढे झाले, तसा बाबांनी हात आडवा केला. तिने पहार काढून दुसऱ्या बाजूने घातली. या खेपेला दगड पायात उतरला आणि बसला.

"बसला," बाबा म्हणाले. "वाजीव रं."

डफ वाजायला लागला. मी शर्ट काढून ठेवला आणि बायांच्या रांगेत उभा राहून मुरमाच्या पाट्या पुढे द्यायला लागलो. रांगेत कुणी मला काढलं नाही, कुणी माझ्याशी बोललंही नाही. दुपारी पंगत बसली तेव्हा मी लांब वडाखाली जाऊन बसलो. थोड्या वेळाने बाबा स्वतः पत्रावळ घेऊन आले.

"जेवा. काम केलंय, उपाशी कशापायी ऱ्हाता?" ते म्हणाले. "राग हाये. त्यो आसू द्या. जेवन येगळं."

मला रडू आलं. रडतच जेवलो.

बांध पाच दिवसांत उभा राहिला. निघताना मी चिमाबाईंच्या अंगणापाशी थांबलो. तीच म्हणाली, "आषाडात या."

"कशाला, वहिनी?"

"बगाया. येतो म्हनला हुता न्हवं?"

*

नवा अहवाल मी लिहिला, सिमेंटसकट. चौकशी झाली, बढती आठ वर्षं अडली आणि माझी बदली पार धुळ्याकडे झाली. परदेशी पाहुणे येऊन गेले, त्यांनी पुष्कळ फोटो काढले. नवा बांध कुठला ते त्यांना ओळखता आलं नाही, असं नंतर कळलं. साताऱ्याच्या मुलीशी माझं लग्न झालं. तिला हे सगळं सांगायला मला अकरा वर्षं लागली.

पण त्या आषाढात मी गेलो. धुळ्याहून निघून दुसऱ्या दिवशी दुपारी नदीपाशी उतरलो. या खेपेला घ्यायला कुणी नव्हतं. निरोपच धाडला नव्हता. पाऊस असा की हातभर पुढचं दिसेना. वाटेत तीनदा घसरलो. वाडीअलीकडच्या त्या टेपावर पोचलो तेव्हा क्षणभर थांबलो. लुमाजी दिवसातून चार वेळा इथेच येऊन उभे राहत होते. तिथून खालची वाट खरंच काही दिसत नव्हती.

वरच्या खाचरात पंधरा-वीस माणसं आवणीला वाकलेली होती, डोक्यावर पानांची इरली. मी आधी बांधाकडे गेलो. दगडांच्या प्रत्येक सांध्यातून पाणी पाझरत होतं, सगळा बांध वरपासून खालपर्यंत ओला होता. मी त्याला तळहात लावला. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. मी हात काढला नाही.

वर कुणीतरी उभं राहिलंसं वाटलं म्हणून बघितलं. चिमाबाई हातात रोपांची मूठ घेऊन बांधाच्या कडेला आली होती.

"आलात?" तिने विचारलं.

"आलो."

"बगितला?"

"बघितला."

 पावसात तिच्या तोंडावरचं काही कळत नव्हतं.

"सुटला त्यांचा शबूद," ती म्हणाली आणि परत जाऊन रांगेत वाकली.